गॅरेजमधलं सिंक: आधी सांडपाण्याची वाट, मग हवेची, शेवटी सिंकची जागा

गणपतीच्या आधीचे दोन शनिवार आमच्या गॅरेजमध्ये मुलांसाठी शाडूच्या मूर्ती करण्याचं शिबिर असतं. पंधरा-वीस मुलं, कोपरापर्यंत मातीने भरलेले हात, आणि धुवायला घरातलं एकच बाथरूम. थंडी सुरू झाली की कढीपत्त्याच्या आणि गवती चहाच्या कुंड्या आत येतात, त्यांचा चिखल वेगळाच. तेव्हा गॅरेजमध्ये एक खोल, दणकट सिंक हवंच, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. मी दुकानात जाऊन सिंक पाहिलं, गॅरेजमध्ये त्याची जागा खडूने आखली आणि मग पाईप कुठून न्यायचे याचा विचार करू लागले.

हा क्रम उलटा होता. नळाचं पाणी दाबाखाली येतं, ते वर, खाली, वळणं घेत कुठेही नेता येतं. सांडपाणी फक्त उतारानेच जातं आणि त्याला जुन्या पाईपला एका ठरावीक उंचीवरच भेटावं लागतं. म्हणून नियोजन त्या भेटीच्या जागेपासून सुरू करायचं आणि मागे येत येत सिंकपर्यंत पोहोचायचं. अमेरिकेत स्वतःचं घर असलेल्या आणि असं काम करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सविस्तर लिहिते आहे. आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात आहे. घराखाली क्रॉल स्पेस (फरशीखालची, सरपटत जाता येईल एवढी पोकळी), गॅरेजला मात्र जमिनीवरच ओतलेलं काँक्रीट. तुमच्या घराची रचना वेगळी असेल तर आकडे बदलतील, विचाराची पद्धत तीच राहील.

व्हेंट, म्हणजे हवेचा पाईप, आपल्या लक्षात का येत नाही

महाराष्ट्रातल्या जुन्या पद्धतीच्या घरात संडासाचा पाईप वेगळा आणि मोरीचा, स्वयंपाकघराचा पाईप वेगळा. सिंकचं पाणी बाहेर भिंतीलगतच्या गली ट्रॅपवर पडतं, वरून जाळी, आजूबाजूला मोकळी हवा. तिथून पुढे चेंबर. सिंकच्या पाईपला हवा आपोआप मिळते, म्हणून ती वेगळी द्यायची असते हे आपल्यापैकी अनेकांना कधी कळतच नाही.

अमेरिकेतल्या घरात सिंक, कमोड, वॉशिंग मशीन सगळं एकाच बंद पाईपमध्ये जातं. त्या पाईपमधली हवा थेट सार्वजनिक गटाराशी किंवा सेप्टिक टाकीशी जोडलेली. तिच्या आणि तुमच्या नाकाच्या मध्ये असतं ते फक्त ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाईपच्या यू आकाराच्या वळणात, साठलेलं पाणी, २ ते ४ इंच उंचीचं. पूर्ण भरून वाहणारा पाण्याचा गोळा पाईपमधून खाली गेला की मागे हवा विरळ होते आणि ती ट्रॅपमधलं पाणी ओढू लागते. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण ३४ फूट पाण्याचा स्तंभ. त्यासमोर २ इंच म्हणजे जेमतेम दोनशेवा हिस्सा. एवढासा फरक ट्रॅप रिकामा करायला पुरतो. मग गॅरेजमध्ये कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि त्या वासाबरोबर आग पकडणारा मिथेनही असतो.

व्हेंटचं काम एवढंच: ट्रॅपच्या पलीकडे लगेच मोकळी हवा मिळवून देणं, म्हणजे पाणी गेलं की हवा व्हेंटमधून येईल, ट्रॅपमधून नाही.

कोड कोणता ते आधी विचारा

पाईप घेण्याआधी गावाच्या किंवा काउंटीच्या परमिट कार्यालयाला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कोणता प्लंबिंग कोड आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती चालते? देशात मुख्यतः दोन कोड आहेत, आयपीसी (इंटरनॅशनल प्लंबिंग कोड) आणि यूपीसी (युनिफॉर्म प्लंबिंग कोड). नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियाचे नियम आयपीसीवर आधारलेले आहेत. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्य यूपीसीवर चालतात. न्यू जर्सीत तिसराच, नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड लागतो. इलिनॉयचा स्वतःचा आहे. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते: व्हिडिओ टेक्सासचा, घर सॅन होजेचं.

परमिट टाळू नका. स्वतः राहत्या घरात मालकाला स्वतः काम करू देणारी गावं पुष्कळ आहेत, पण परमिट आणि तपासणी त्यांनाही लागते. मला तर त्याचा फायदाच झाला. माझ्या पहिल्या आराखड्यातली चूक कार्यालयातल्या बाईंनी कागदावरच पकडली. ती पुढे सांगते.

पहिली पायरी: भेटीची जागा आणि तिची उंची

घराचा मुख्य पाईप कुठे जातो ते शोधा. क्रॉल स्पेस किंवा तळघर असेल तर टॉर्च घेऊन खाली उतरा. सगळं काँक्रीटवर असेल तर घराबाहेरचं क्लीनआउट (पाईप साफ करण्यासाठी ठेवलेलं झाकणाचं तोंड), कमोडच्या जागा आणि छतावर निघालेले व्हेंट पाहून अंदाज बांधा. खात्री करायला प्लंबरकडून पाईपमध्ये कॅमेरा घालून घ्या, तो पैसा वाया जात नाही.

मग उंची. इथे मी आपल्या गवंड्यांची युक्ती वापरली: पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब. एक टोक गॅरेजमध्ये, दुसरं क्रॉल स्पेसमध्ये. दोन्हीकडे पाण्याची पातळी तीच, त्यामुळे भिंतीच्या दोन बाजूंच्या उंचीची तुलना अचूक होते. लेझर लेव्हल भिंतीपलीकडे दिसत नाही, ट्यूबला मात्र एखादं भोक पुरतं. सगळी मापं एकाच शून्यापासून घ्या. मी गॅरेजची फरशी शून्य धरली.

माझी मापं अशी आली. घराची फरशी गॅरेजपेक्षा तीन पायऱ्या, म्हणजे २१ इंच वर. फरशीखालचे लाकडी वासे आणि त्यावरची फळी मिळून १० इंच. म्हणजे वाशांचा तळ ११ इंचांवर. वाशांखाली दीड इंचाची लाकडी पट्टी, म्हणून पायाच्या ब्लॉकच्या भिंतीचा माथा साडेनऊ इंचांवर. आणि क्रॉल स्पेसमधल्या ३ इंची मुख्य पाईपचा मध्य गॅरेजच्या फरशीपेक्षा २ इंच वर. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण माझ्या सिंकचं पाणी त्याच्या वरच्या बाजूने तिथे पोहोचायला हवं.

आता मागे मोजत या. २ इंची पाईपला दर फुटाला पाव इंच ढाळ लागतो. घर आणि गॅरेजमधल्या भिंतीपासून मुख्य पाईपपर्यंत ९ फूट, म्हणजे सव्वादोन इंच. भिंतीतून पाईप ७ इंचांवर नेला तर ९ फुटांनंतर तो पावणेपाच इंचांवर येतो. मुख्य पाईप २ इंचांवर, मध्ये पावणेतीन इंच उरतात. तेवढ्यात वाय फिटिंग (इंग्रजी Y आकाराचा जोड) थोडं वर वळवून वरच्या बाजूने जोड घेता येतो. पाईप ७ इंचांवर नेला तर भिंतीतली स्लीव्हही (पाईपभोवतीचं मोठ्या पाईपचं आवरण) ब्लॉकच्या माथ्याखाली राहते. पायाच्या भिंतीतून जाणाऱ्या पाईपभोवती दोन मापं मोठी स्लीव्ह लागते, माझ्या बाबतीत ३ इंचाची.

मी खडूने आखलेली पहिली जागा या भिंतीपासून १४ फूट दूर, बाहेरच्या भिंतीला होती. तिथून आणायचा तर साडेतीन इंच ढाळ जास्तीचा लागला असता आणि पाईप फरशीत पुरावा लागला असता. जागा बदलली, काँक्रीट फोडणं वाचलं.

मुख्य पाईपची क्षमताही पाहून घ्या. कोडमध्ये प्रत्येक वस्तूला ड्रेनेज युनिट, म्हणजे ती पाईपवर किती भार टाकते याचं माप, असतात. आमच्याकडे दोन पूर्ण बाथरूमांची १०, कमोड आणि बेसिनच्या छोट्या खोलीची ४, स्वयंपाकघराची २, वॉशिंग मशीनची २, असे १८. गॅरेजच्या सिंकची आणखी २. पाव इंच ढाळ असलेल्या ३ इंची मुख्य पाईपला आयपीसी ४२ पर्यंत परवानगी देतो, तेव्हा प्रश्नच नव्हता.

दुसरी पायरी: ट्रॅप आणि ट्रॅप आर्म

सिंकचं तळाचं तोंड, ट्रॅप आणि ट्रॅप आर्म दीड इंचाचे चालतात. त्यापुढचा उभा आणि आडवा पाईप मात्र २ इंचाचाच घ्या. जमिनीखाली तर अनेक ठिकाणी त्याहून लहान चालतच नाही, आणि पाईपच्या किमतीतला फरक नगण्य आहे.

ट्रॅपच्या वळणानंतर पाणी ज्या काठावरून पलीकडे जातं, त्याला आपण ट्रॅपचा उंबरा म्हणू. उंबऱ्यापासून उभ्या पाईपपर्यंतचा आडवा तुकडा म्हणजे ट्रॅप आर्म. त्याच्या लांबीला मर्यादा आहे आणि तिचं कारण समजलं तर आकडा पाठ करावा लागत नाही. व्हेंटचं तोंड ट्रॅप आर्मच्या शेवटी असतं. ट्रॅप आर्म इतका उतरला की त्याचा माथा उंबऱ्याच्या खाली गेला, तर वाहतं पाणी व्हेंटचं तोंड बंद करतं आणि पाईप सायफनसारखा ट्रॅप ओढून घेतो. म्हणून एकूण उतार पाईपच्या एका व्यासापेक्षा जास्त नको. दीड इंची पाईप, फुटाला पाव इंच ढाळ, म्हणजे ६ फुटांत दीड इंच. आयपीसीची मर्यादा नेमकी तेवढीच, ६ फूट. २ इंची पाईपला ८ फूट. यूपीसी जास्त सावध आहे: दीड इंचाला फक्त ४२ इंच, २ इंचाला ६० इंच. तुमचा कोड कोणता हे आधी विचारायला सांगितलं ते यासाठीच. माझा ट्रॅप आर्म १८ इंचांचा आहे, दोन्हीकडे चालेल असा.

सिंकच्या तोंडापासून ट्रॅपच्या उंबऱ्यापर्यंत उभं अंतर २४ इंचांपेक्षा जास्त नसावं, नाहीतर पाणी फार वेगाने पडून ट्रॅपमधून निघून जातं. आणि ट्रॅपनंतर पाईप सरळ खाली फरशीत घुसवणारा एस ट्रॅप कधीही नको, तो दोन्ही कोडांत बाद आहे. जुन्या घरांत तो दिसतो म्हणून चालतो असं समजू नका.

माझ्या सिंकचा वरचा काठ ३४ इंचांवर, तोंड २० इंचांवर, ट्रॅप आर्म भिंतीशी १४ इंचांवर. तिथे २ इंची सॅनिटरी टी (इंग्रजी T आकाराचा, आत वळण असलेला जोड), तिचं बाजूचं तोंड दीड इंचाचं. खाली लाँग स्वीप (लांब वळणाची) एल्बो आणि ७ इंचांवर भिंतीत. या सात इंचांत क्लीनआउटला जागा उरली नाही, म्हणून मी ते टीच्या वर लागूनच बसवलं. तिथून साफ करायची तार सरळ खाली जाते आणि कुणाला क्रॉल स्पेसमध्ये सरपटावं लागत नाही. तपासनिसांनी ते मान्य केलं. तुमच्याकडे आराखड्यातच विचारून घ्या.

घराची लाकडी भिंत २१ इंचांवर सुरू होते, त्याखाली ब्लॉक आणि वासे. त्यामुळे हे सगळं भिंतीच्या आत लपवणं शक्य नव्हतं. उभा पाईप गॅरेजच्या बाजूने भिंतीवरच नेला. गॅरेजमध्ये त्याची लाज वाटण्याचं कारण नाही, फक्त गाडीचा धक्का लागणार नाही अशी जागा हवी.

फिटिंगची निवड दिशेवर ठरते. आडवं पाणी उभ्यात पडतं तिथे सॅनिटरी टी. उभं पाणी आडव्यात वळतं तिथे लांब वळणाची एल्बो किंवा वाय आणि ४५ अंशांचा बेंड. आडव्यातून आडव्यात जातं तिथेही वाय. सॅनिटरी टी आडवी झोपवून सांडपाणी नेणं ही तपासणीत सर्वांत जास्त सापडणाऱ्या चुकांपैकी एक.

तिसरी पायरी: व्हेंटची वाट

मी जिथे चुकले ती जागा हीच.

भिंतीपलीकडे आमची लाँड्री आहे. वॉशिंग मशीनचा व्हेंट त्याच भिंतीतून वर जातो. मी ऐकलं होतं की दोन व्हेंट जोडायचे तर फरशीपासून ४२ इंचांच्या वर जोडले की झालं. सिंकचा काठ ३४ इंच, अधिक ६ इंच म्हणजे ४०, त्यामुळे ४८ इंचांवर भोक पाडून शेजारच्या व्हेंटला जोड द्यायचा असं मी कागदावर काढलं. त्या बाईंनी ४८ या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि विचारलं, "कोणत्या फरशीपासून?"

नियम असा आहे: त्या व्हेंटवर जी जी वस्तू आहे त्यांतल्या सर्वांत उंच काठाच्या ६ इंच वर गेल्याशिवाय व्हेंट आडवा न्यायचा नाही आणि दुसऱ्या व्हेंटला जोडायचाही नाही. वॉशिंग मशीनच्या उभ्या पाईपचं तोंड लाँड्रीच्या फरशीपासून ४० इंचांवर, आणि ती फरशी गॅरेजपेक्षा २१ इंच वर. म्हणजे गॅरेजच्या हिशोबाने ६१ इंच, अधिक ६, एकूण ६७. माझ्या ४८ इंचांवर जोड दिला असता आणि पुढे कधी मशीनचा पाईप तुंबला असता, तर साबणाचं पाणी व्हेंटमधून माझ्या सिंकच्या पाईपमध्ये वाहिलं असतं. तुंबल्याचं कळलंही नसतं, आणि फेस-धागे साचून व्हेंट हळूहळू बंद झाला असता. तो बंद झाला की ट्रॅप कोरडा.

म्हणून मी दीड इंची व्हेंट सरळ वर नेला, गॅरेजच्या छतातून पोटमाळ्यावर, आणि तिथे लाँड्रीच्या व्हेंटला जोडला. व्हेंटचा व्यास त्याच्या सांडपाण्याच्या पाईपच्या निम्म्याहून कमी नसावा आणि कुठल्याही परिस्थितीत सव्वा इंचापेक्षा कमी नसावा. व्हेंटच्या आडव्या भागालाही सांडपाण्याच्या पाईपकडे उतार द्या, कारण आत वाफेचं पाणी होतं आणि ते परत खाली जायला हवं.

जवळ जुना व्हेंट असला की अनेकजण त्याच्यातच सांडपाणी सोडतात. "पाईप तर आहेच, जोडून टाकू." तसं केल्याने तो व्हेंट दुसऱ्या कुणाचा तरी ड्रेन होतो आणि ज्या बाथरूमचा तो व्हेंट होता तिथले ट्रॅप गुडगुडू लागतात. काही बाबतींत ओला व्हेंट, म्हणजे सांडपाणी आणि हवा दोन्ही नेणारा पाईप, कोडला मान्य आहे, पण तो मुख्यतः बाथरूमच्या वस्तूंपुरता. गॅरेजच्या सिंकसाठी ती पळवाट शोधू नका.

नवा व्हेंट छतातून काढायचा असेल तर तो छताच्या किमान ६ इंच वर हवा आणि उघडणाऱ्या खिडकीपासून १० फूट दूर, नाहीतर तिच्यापेक्षा ३ फूट उंच. मिनेसोटा किंवा शिकागोसारख्या थंडीत वाफ गोठून लहान पाईपचं तोंड बंद होतं, म्हणून तिथे छतातून जाणारा भाग मोठा करावा लागतो.

आणि एक पर्याय आहे, एअर ॲडमिटन्स व्हाल्व. आत हवा घेतो, बाहेर सोडत नाही. छत फोडावं लागत नाही. आयपीसीमध्ये तो मान्य आहे, यूपीसीच्या गावांत स्थानिक अधिकाऱ्याच्या परवानगीवर अवलंबून, कॅलिफोर्नियात तर सहसा मिळतच नाही. तो आडव्या पाईपच्या किमान ४ इंच वर, आणि हात पोहोचेल अशा जागी हवा. घराचा निदान एक व्हेंट तरी उघड्या हवेत गेलेला असला पाहिजे. हा व्हाल्व चांगलं काम करतो, पण त्यात हलणारा रबरी भाग आहे आणि तो एक दिवस खराब होणार. नुसत्या पाईपमध्ये खराब होण्यासारखं काही नसतं. सरळ वर जायची वाट मिळत असेल तर मी पाईपच निवडेन.

क्रॉल स्पेस नसेल तर

काँक्रीटवरच्या घरात दोनच वाटा. एक, फरशी कापून पाईप पुरणं. त्याआधी गॅरेजच्या फरशीवर किंवा भिंतीवर एखादी मुद्रा, पाटी आहे का ते बघा. टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात बरीच घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर असतात. त्यांच्या काँक्रीटमध्ये प्रचंड ताणलेल्या पोलादी केबल असतात. त्यांतली एक कापली गेली तर माणूस जखमी होऊ शकतो आणि स्लॅबही कमकुवत होतो. अशा घरात स्कॅन केल्याशिवाय करवत लावू नका. साध्या स्लॅबमध्ये पाणी सोडत कापा, कारण काँक्रीटची कोरडी धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते. पाईपखाली आणि भोवती खडे नसलेली वाळू, मग थराथराने माती ठोकून, प्लास्टिकचा थर जोडून, कापलेल्या कडांत सळ्या बसवून नवं काँक्रीट. हे सगळं तपासणीनंतर, आधी नाही. घराबाहेर खणायचं असेल तर ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून देणाऱ्या सेवेला, फोन करा. मात्र तुमच्या स्वतःच्या खासगी पाईपांवर ते खुणा करून देत नाहीत.

दुसरी वाट पंपाची. सिंकखाली लहान टाकी, आत पंप, पाणी वर फेकून जवळच्या पाईपमध्ये. टाकीला स्वतःचा व्हेंट लागतो आणि पंपाच्या पुढे चेक व्हाल्व, पाणी परत येऊ न देणारा. मुख्य पाईप सिंकपेक्षा वर असेल तर याशिवाय इलाज नाही. एरवी मी ते टाळेन: वीज गेली की सिंक बंद, आणि शाडूची माती पंपाच्या पात्यांना झिजवते.

पाणी अंगणात किंवा पावसाच्या नाल्यात सोडून देऊ, हा तिसरा मार्ग काहीजण सुचवतात. तो बहुतेक ठिकाणी कायद्याने बंद आहे, आणि तो नाला पुढे ओढ्यात जातो.

गॅरेज म्हणजे घराची खोली नाही

घर आणि गॅरेजमधली भिंत आग अडवण्यासाठी असते. तिच्या जिप्सम बोर्डला तुम्ही पाडलेलं प्रत्येक भोक आग-रोधक सीलंटने बंद करा. छताचंही. कार्बन मोनॉक्साइडला घरात यायला तेच भोक पुरतं.

थंडी. आमच्याकडे वर्षातल्या काही रात्री गॅरेजमध्ये पाणी गोठतं. सांडपाण्याच्या पाईपमध्ये पाणी उभं राहत नाही, ट्रॅपमध्ये मात्र राहतं. म्हणून बाहेरच्या भिंतीपेक्षा घराला लागून असलेली भिंत केव्हाही बरी. नळाच्या पाईपांचे बंद करायचे कॉक मी घराच्या उबदार भागात बसवले आणि गॅरेजकडचा भाग रिकामा करता येईल अशी सोय ठेवली. कडाक्याच्या थंडीत पाणी बंद करून ट्रॅपमध्ये आरव्हीचं, प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओतते. गाडीचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते नाही.

होज जोडता येईल अशा नळाला व्हॅक्यूम ब्रेकर हवाच. होजचं टोक मातीच्या बादलीत बुडालेलं असताना गावाच्या पाण्याचा दाब पडला, तर ती बादली पिण्याच्या पाण्यात ओढली जाते.

आणि शाडू. ही माती पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांनी पाण्यात पसरून राहते, आणि वेग मंदावला की तळाशी बसून घट्ट होते. ९ फुटांचा सौम्य ढाळाचा पाईप म्हणजे तिच्यासाठी बसायची उत्तम जागा. प्लास्टर ऑफ पॅरिस तर पाण्याखालीही घट्ट होतं, ते सिंकमध्ये कधीच नाही. आमच्या शिबिरात सिंकच्या आधी दोन बादल्या ठेवलेल्या असतात. पहिल्या बादलीत हात आणि हत्यारं धुवायची, दुसरीत विसळायची, मग सिंक. संध्याकाळी वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं आणि खालची माती वाळवून पुढच्या वर्षी परत वापरायची. याशिवाय सिंकखाली गाळ साठवणारा, झाकण उघडून साफ करता येणारा इंटरसेप्टर बसवला आहे. त्याचं नाव आराखड्यात आधीच घाला, कारण त्याने ट्रॅपची उंची बदलते. इंजिन ऑइल, पेट्रोल, थिनर यांतला एक थेंबही या सिंकमध्ये जाता कामा नये. गॅरेजमध्ये सिंक असलं की हात आपोआप तिकडे जातो, म्हणून घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा.

जोडणी आणि तपासणी

आधी सगळं कोरडं जुळवा. प्रत्येक जोडावर मार्करने आडवी रेघ मारा म्हणजे चिकटवताना फिटिंगचा कोन बदलत नाही. पीव्हीसीला जांभळा प्रायमर, मग सिमेंट, पाव फेरा फिरवून तीस सेकंद दाबून धरा. जुना पाईप काळा, एबीएसचा असेल तर पीव्हीसी त्याला सरळ चिकटवू नका, मध्ये पोलादी पट्ट्याचं कपलिंग वापरा. मुख्य पाईपमध्ये वाय बसवायलाही अशीच दोन कपलिंग लागतात. त्या दिवशी घरात कुणी फ्लश करणार नाही याची पक्की सोय करा. मी तीनही कमोडच्या झाकणांवर कागद चिकटवले होते. क्रॉल स्पेसमधल्या आडव्या पाईपला दर ४ फुटांवर आधार हवा, नाहीतर तो मध्ये झोळ धरतो आणि माती नेमकी तिथेच बसते.

तपासणीच्या आधी खालचं टोक फुग्याने बंद करून व्हेंटमधून पाणी भरा आणि किमान १५ मिनिटं पातळी बघा. किती उंचीपर्यंत भरायचं ते तुमच्या कार्यालयाला विचारा. प्लास्टिकच्या पाईपमध्ये हवा भरून चाचणी घेऊ नका, फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. माझ्या पहिल्या चाचणीत टीच्या बाजूचा जोड ओला झाला. तिथे प्रायमर अर्धाच लागला होता. तुकडा कापला, नवा घातला, परत पाणी भरलं.

तपासनीस आले, लेव्हल लावून ढाळ पाहिला, पोटमाळ्यावर चढून व्हेंटचा जोड पाहिला आणि सही केली. मग मी भोकांना सीलंट लावलं आणि त्यानंतरच, सगळ्यात शेवटी, सिंक त्याच्या जागेवर ठेवलं. ते भरून बूच काढलं, पाणी एका दमात गेलं, गुडगुड झाली नाही. टॉर्च लावून पाहिलं, ट्रॅपमध्ये पाणी होतं तेवढंच होतं. उन्हाळ्यात महिनाभर कुणी वापरलं नाही तर ते पाणी उडून जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी एक तांब्या पाणी ओतते, कुंड्यांना पाणी घालायच्याच दिवशी, म्हणजे विसरत नाही.